दार जिकडे, देश तिकडे

बेळगावचा माणूस सीमा बघायला युरोपात चाललाय, ही बातमी कोर्टातल्या आमच्या बाररूममध्ये फुटली तेव्हा असा हशा उसळला, की चहावाला ट्रे घेऊन दारातच उभा राहिला. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "अहो, इथं दुकानाची पाटी वाचायला मान वर केली तरी सीमाप्रश्न सुरू होतो. तुम्ही व्हिसा काढून चाललात?"

चाललो होतो खरा. बेल्जियम आणि हॉलंडची सीमा लोकांच्या स्वयंपाकघरातून जाते अशा गावी जाऊन आलो. तिथे देश कुठला ते घराचं दार ठरवतं! पण ते गाव मी का आणि कुणाबरोबर बघितलं, हे सांगितल्याशिवाय त्यातली गंमत कळायची नाही.

आप्पा माझे थोरले चुलतभाऊ. निपाणीजवळ बोरगावला राहतात. वय सत्तरीच्या घरात, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला पोचणारा, आणि पुण्यापलीकडचं जग पाहण्याची गरज त्यांना कधी वाटलेली नाही. त्यांना दोन मुलगे. थोरला महादेव शेती बघतो, धाकटा सागर रोज मोटरसायकलने निपाणीला नोकरीवर जातो. दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं त्याला आठ महिने झाले होते. घराची वाटणी ठरली होती. खोल्या, परसू, गोठा, सगळं समान झालं. अडलं एका ठिकाणी. पुढचं दार एकच.

सागवानी, दोन फळ्यांचं, भर रस्त्यावर उघडणारं दार. ज्याच्या वाट्याला दार, त्याचं ते घर. दुसऱ्याने मागच्या बोळातून यायचं. मी वकील म्हणून तीन मसुदे केले. पहिल्यात दार महादेवला दिलं, सागरने कागद टरकावला. दुसऱ्यात सागरला दिलं, महादेव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्यात दार विटांनी बुजवून दोन बाजूंना दोन नवी दारं काढली. तेव्हा आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. तिन्ही मसुद्यांत शेवटी एक ओळ मात्र तीच होती आणि तिच्यावर कुणाची हरकत नव्हती. आप्पांनी महादेवकडे राहावं, वहिनींनी सागरकडे. आमच्या भागात आईबापांची अशी वाटणी नवी नाही. मी ती ओळ न अडखळता लिहिली होती.

अशात आप्पांची मुलगी वैशाली हॉलंडहून हट्टाला पेटली, "आप्पा, तीन आठवडे माझ्याकडं या. भांडण आहे तिथंच राहील." वहिनी म्हशी सोडून यायला तयार नव्हत्या. आप्पांना सांभाळायला म्हणून माझी वर्णी लागली. परत आल्यावर दसऱ्याआधी सह्या व्हायच्या होत्या. आप्पांनी घराच्या नकाशाची घडी बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि आम्ही निघालो.

विमानात आणि विमानतळावर

मला एक व्यसन आहे. जगातले अजब कायदे मी एका वहीत उतरवून ठेवतो. विमानात आप्पांना मी त्यातले निवडक वाचून दाखवले. सिंगापुरात दुकानात च्युइंगगम विकायला बंदी आहे. डेन्मार्कमध्ये पोराचं नाव सरकारी यादीतलं ठेवावं लागतं, यादीबाहेरचं हवं असेल तर परवानगी काढायची. स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिग हा उंदरासारखा प्राणी एकटा पाळता येत नाही, दोन तरी पाळावेच लागतात.

"एकटा का न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"त्याला सोबत लागते. एकटा ठेवला तर खंगतो म्हणे."

आप्पा खिडकीतून ढग बघत राहिले. "कायदा करणारा शाणा दिसतोय," एवढंच म्हणाले.

पहिला अजब कायदा आमच्याच अंगावर आला. हॉलंडच्या विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्याने आमची पिशवी उघडली. आत बेळगावचा कुंदा, दोन किलो, वैशालीसाठी. त्याने इंग्रजीत विचारलं, यात दूध आहे का?

"काय इचारतोय?"

"दूध आहे का म्हणतोय."

"आहे का म्हंजे?" आप्पांचा अभिमान दुखावला. "सांग त्याला, म्हशीचं हाय, चोख! आटवून आटवून लाल केलंय!"

आणि मी, चोवीस वर्षं वकिली केलेला माणूस, मी ते शब्दशः सांगितलं. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. इतक्या सरळ कबुलीजबाबाची त्यालाही सवय नसावी. युरोपाबाहेरचा दुधाचा पदार्थ आत आणायचा नाही, असा तिथला कायदा आहे. त्याने डबा उचलला. आप्पांनी झाकण उघडलं, बोटभर कुंदा काढला आणि त्याच्यासमोर धरला. "टाकायचा तर टाक, पर आदी खाऊन बघ की रं बाबा!" तो लाजून हसला, मान हलवली आणि दोन किलो कुंदा पिंपात गेला. आप्पा बाहेर येईपर्यंत तीनदा मागे वळून पिंपाकडे बघत होते.

आइंडहोव्हन

वैशालीचं शहर स्वच्छ, सपाट आणि सायकलींनी भरलेलं. चढ म्हणून नाही. आप्पा म्हणाले, "हितं पाणी सोडलं तर जाईल कुठं?" तिथल्या लोकांनी त्या प्रश्नावर काही शतकं घालवली आहेत, हे मी त्यांना सांगितलं.

लोक खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. रस्त्यावरून जाताना प्रत्येकाचा दिवाणखाना, दिवा, झाडाची कुंडी आणि टीव्हीवर काय चाललंय ते दिसतं, आणि शिष्टाचार असा, की दिसलं तरी बघायचं नाही. आप्पांना हा शिष्टाचार जमला नाही. ते थांबून हात हलवायचे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या गल्लीतली निम्मी घरं त्यांना उलट हात हलवायला लागली होती.

शेजारच्या बाईचा वाढदिवस होता, आम्हालाही बोलावणं आलं. तिथली रीत ऐका. अभिनंदन फक्त तिचं करायचं नाही. तिच्या नवऱ्याचं, आईचं, भावाचं, आलेल्या प्रत्येकाचं करायचं, की अमुकचा वाढदिवस आहे, तुमचं अभिनंदन. मग खुर्च्या गोल मांडून बसायचं. आप्पांना ही पद्धत इतकी आवडली, की त्यांनी हात जोडत सगळी फेरी पुरी केली आणि शेवटी कुत्र्याचंही अभिनंदन केलं. घराच्या संडासात मी वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं पाहिलं. घरोघरी तिथेच असतं. रोज नजर पडते, कुणाचा दिवस विसरत नाही. मी वहीत नोंद केली.

मग कॉफी आली. बरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरला. प्रत्येकाने एक घेतलं. डबा परत आला आणि बाईने झाकण लावलं. टक्!

आप्पा माझ्या कानात कुजबुजले, "बाळू, झाकला की!"

"एकच घ्यायचं असतं आप्पा. तशी रीत आहे."

"आमच्यात पाव्हण्यानं चार खाल्ली तरी म्हणत्यात, अजून घ्या, घ्या की. हितं डबाच मिटतोय." पण नंतर घरी येताना स्वतःच म्हणाले, "एका अर्थी बरं हाय. सगळ्यांना सारखं. भांडण न्हाय."

त्या शब्दावर नकाशाची घडी बाहेर आली. वैशालीच्या जेवणाच्या टेबलावर आप्पांनी ती पसरली. "तू सांग वैशू. तू शिकल्यालीस. दार कुणाला द्यावं?"

वैशालीने नकाशा बघितलासुद्धा नाही. "मला ह्यातलं काय नको म्हणून मी कवाच सांगितलंय. पर मी दिवाळीला आले तर कुठल्या दारानं यायचं, तेवढं ठरवून ठेवा." मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिने घडी घातली आणि म्हणाली, "उद्या सुट्टी काढते. तुमास्नी एक गाव दाखवते. त्याची वाटणी आठशे वर्षांमागं झालीय."

बार्ले

तासाभराच्या वाटेवर मक्याची शेतं, गाई, विटांची घरं. देश बदलल्याची एकही खूण नाही. आणि मग बार्ले. मंडळी, मी येळ्ळूरच्या सभा ऐकल्यात, निपाणीच्या चौकातली भाषणं ऐकलीत, सीमेविषयी मला आता कुणी नवं काही सांगू शकेल असं वाटत नव्हतं. पहिल्याच फुटपाथवर माझा गर्व उतरला.

फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची एक रांग आहे. ती रस्ता ओलांडते, एका हॉटेलच्या खुर्च्यांमधून जाते, एका दुकानाच्या काचेत घुसते आणि पलीकडून बाहेर येते. अलीकडे हॉलंड, पलीकडे बेल्जियम. हॉलंडच्या पोटात बेल्जियमचे तुकडे, त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा हॉलंडचे तुकडे! मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला. मग उडी मारून पाय बदलले आणि पुन्हा काढला. पन्नाशी उलटलेल्या वकिलाला हे शोभत नाही, पण तिथे मला ओळखणारं होतं कोण!

"हे असं केलं कुणी?" आप्पांनी विचारलं.

"पूर्वी दोन सरदारांत जमिनीची वाटणी झाली," वैशाली म्हणाली. "हे शेत तुझं, ते माझं, मधलं पुन्हा तुझं. पुढं त्याचेच देश झाले."

"म्हंजे ही बी भावकीच!" आप्पा एवढ्या जोरात म्हणाले, की कॉफी पिणाऱ्या दोन बायका वळल्या.

दोन महापौर, दोन कचेऱ्या, दोन कायदे. फुल्यांच्या एका बाजूला सोळाव्या वर्षी बिअर चालते, दुसऱ्या बाजूला अठरा पूर्ण व्हावी लागतात. बेल्जियमच्या बाजूला देशाच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं, समोरच्या घरातल्या हॉलंडच्या माणसाने केलं तर केलं. एके काळी हॉलंडातली हॉटेलं लवकर बंद करावी लागत, तेव्हा गिऱ्हाईकं आपापली ताटं घेऊन बेल्जियमच्या टेबलांवर सरकत म्हणे. माझी वही भरत चालली. लिहिण्याच्या घाईत अक्षर मला स्वतःला वाचता येईना.

मग वैशालीने तो कायदा सांगितला. सीमा घरातून गेली तर घर कुठल्या देशाचं? पुढचं दार ज्या देशात उघडतं त्याचं. कर तिथे, पत्ता तिथे, कायदा तिथला. म्हणून इथे लोकांनी दारं हलवली आहेत. इकडचा नियम गैरसोयीचा वाटला, की इकडचं दार बुजवायचं आणि चार हात पलीकडे काढायचं. देश बदलला!

आप्पा जागच्या जागी उभे राहिले. सागवानी दारासाठी आठ महिने झुरणाऱ्या माणसाला जगाच्या दुसऱ्या टोकाला असं गाव भेटलं होतं, जिथे दारापुढे दोन राजांचंही चालत नव्हतं. "व्हय रं बाळू, मी म्हणत न्हवतो? दार म्हंजेच घर!"

आणि सीमा ज्याच्या दारातूनच जाते त्याचं काय? तसं एक घर आहे. दाराच्या डाव्या अंगाला हॉलंडचा नंबर, उजव्या अंगाला बेल्जियमचा. दोन नंबर, दोन घंटा, दार एक. आप्पा थेट त्याच्यासमोर गेले आणि चौकटीवर वितीने माप घेऊ लागले. एक वीत, दोन वीत...

"आप्पा! दुसऱ्याचं घर हाय!" वैशाली ओरडली. तोवर दार उघडलं होतं.

दारात आप्पांच्याच वयाची बाई. हाताला पीठ लागलेलं. वैशालीने लाल चेहऱ्याने माफी मागितली, मग डचमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. त्यात मला "बोरगाव" तेवढं कळलं. बाईचा चेहरा हळूहळू खुलला. ती आत गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने तो आप्पांपुढे धरला.

आप्पांनी हात जोडले आणि मान हलवली. न्हाय.

बाईचा चेहरा पडला. ती डबा मागे घेऊ लागली. वैशालीने कपाळाला हात लावला. मीच बोललो, "अगं, तिला सांग, उंबऱ्यावरून काही देऊ-घेऊ नये असं आमच्यात मानतात. एक तर तिने बाहेर यावं किंवा आम्ही आत जावं."

वैशालीने सांगितलं. बाई मोठ्याने हसली आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाली. आप्पांनी चपला काढल्या, खाली रेघ कुठे ते बघितलं आणि उजवा पाय टाकला. तो बेल्जियममध्ये पडला.

बाईचं नाव मारिया. तिचा नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. डबा फिरला, आम्ही एकेक बिस्किट घेतलं, झाकण लागलं. तिने बोटाने हवेत रेघ ओढत आम्हाला सगळं घर दाखवलं. सीमा इथून शिरते, टेबल कापते, जिन्याखालून जाते आणि निजायच्या खोलीतून मागे बाहेर पडते. वैशाली भाषांतर करत होती, आणि तिला मराठी येते ती बोरगावचीच, त्यामुळे मारियाबाई आमच्याशी अशी बोलली:

"ह्यो रोज बेल्जममधी घोरतो, आन् मी हॉलंडात जागी ऱ्हाते. लगीन झाल्यापास्नं हेच चाललंय."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इचार तिला, खाटा दोन हायत का एक?"

"एकच की. शीव खाटेखालनं जाती. वर चढत न्हाय."

आप्पा पुन्हा हसले. मग हसू मधेच थांबलं. त्यांनी खिशातून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला, अर्धा हॉलंडात, अर्धा बेल्जियममध्ये. दाराबद्दल सल्ला हवा होता त्यांना. मारियाबाईने चष्मा लावला, हाताचं पीठ पुसलं, आणि नकाशातल्या दारावरून बोट फिरवत आत आली. ही खोली कुणाची? थोरल्याची. ही? धाकट्याची. हे स्वयंपाकघर? दोघांचं वेगळं. मग तिने एक प्रश्न विचारला. वैशालीने तो लगेच मराठीत आणला नाही.

"काय म्हणाली?"

"आप्पा, ती म्हणतीय... ह्यात तुमी दोघं कुठं हाय?"

उत्तर वकिलाने द्यायचं होतं. मी बोट ठेवलं. महादेवच्या बाजूला मागची कोपऱ्यातली खोली, तिथे आप्पा. सागरच्या बाजूला चुलीला लागून, तिथे वहिनी. माझी दोन बोटं नकाशाच्या दोन टोकांना होती. तीन मसुदे मी लिहिले होते, पण ते अंतर मला त्या दिवशी दिसलं.

मारियाबाईने डब्याचं झाकण पुन्हा उघडलं आणि आप्पांच्या हातावर दुसरं बिस्किट ठेवलं.

परतताना मक्याची शेतं मागे पडली. मग आप्पा पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाले, "बाळू, तू इतका शिकल्याला. तुला हे सुचलं न्हाय, मला बी न्हाय. त्या बाईला मात्र पीठ मळता मळता दिसलं."

बोरगाव

दसऱ्याला पाच दिवस होते. आप्पांनी दोन्ही मुलांना सोप्यात बोलावलं. सोपा म्हणजे पुढच्या दारातून आत आल्यावरची पहिली खोली. महादेव खांबाला टेकून उभा, सागर दाराजवळच्या बाकावर, दोघांची तोंडं दोन दिशांना. मी चौथा मसुदा काढला.

"दार कुणाला?" दोघांनी एकदमच विचारलं.

"मला," आप्पा म्हणाले.

त्यांनी नकाशाची घडी उलगडून जमिनीवर पसरली.

"दार, उंबरा आन् ह्यो सोपा माझा आन् तुमच्या आईचा. आमी दोघं हितंच ऱ्हाणार, एका जागी. डावीकडचं महादेवचं, उजवीकडचं सागरचं. मागं किती बी दारं पाडून घ्या. पर पुढनं यायचं तर आमच्या मुलखातनं यायचं."

"म्हंजे आमच्या घरात जायाला आमी रोज इचारून यायचं?" सागर उसळला.

"इचारून कशाला? चपला काढून यायचं."

महादेव नकाशावर वाकला. "आन् आईचं?"

"तिचं काय? ती तुझ्या वाट्याची न्हाय, आन् त्याच्या बी न्हाय. आठ महिने दोन्ही चुलींवर भाकऱ्या बडवतीय, दिसत न्हाय व्हय रं तुमास्नी?"

मी मुद्द्यावर बोलायला घसा खाकरला, पण आप्पांनी हाताने गप्प बसवलं. मग सागरने कुणाकडेही न बघता विचारलं, "पोरांच्या सायकली कुठनं न्यायच्या?"

महादेव म्हणाला, "पुढनंच. मागं चिखल असतोय."

आठ महिन्यांतलं पहिलं बोलणं सायकलींवरून झालं. सागरने मान हलवली. महादेवने पेन मागितलं.

तेवढ्यात आतून वहिनी आल्या, पदराला हात पुसत. तीन मसुद्यांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चौथ्यातही मी बोलावायचं विसरलोच होतो. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि खिडकीशी उजेडात धरला.

"माझं नाव कुठं हाय?"

मी ओळ दाखवली. आप्पांचं नाव, मग 'व त्यांची पत्नी' म्हणून त्यांचं. वहिनींनी ती बोटाने दोनदा वाचली. कागद मला परत दिला.

"माझं आदी लिवा."

महादेव आणि सागर आधी बापाकडे बघायला लागले आणि मग, चुकून का होईना, एकमेकांकडे. आप्पांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"लिव रं बाळू," ते म्हणाले. "जा, निपाणीला जाऊन नवीन टाइप करून आण. आमी सगळी हितंच बसतो."